भिंतीआडच्या पाण्याचा माग

पनवेल हे पाण्याच्या शेजारी वसलेले, तरीही उन्हाळ्यात पाण्यासाठी तळमळणारे गाव होय. एका अंगास खाडी, गावात वडाळे, कृष्णाळे, देवाळे अशी नावे धारण करणारी तळी, माथेरानच्या डोंगराकडून उतरून येणारी गाढी नदी, आणि वर्षाचे चार महिने कोकणातला मुसळधार पाऊस. इतके असूनही वैशाख लागला की घराघरांतून पाण्याची चिंता सुरू होते. या गावची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे मुंबई इलाख्यातील अगदी पहिल्या नगरपालिकांपैकी. तिने १९६४ साली गाढी नदीवर देहरंगचे धरण बांधले. पुढे १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवीन पनवेल उभे राहिले, आणि २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. लोकवस्ती वाढली तसे पाणी दूरदूरच्या योजनांतून आणावे लागले. अशा गावी स्वयंपाकघराच्या भिंतीमागे रात्रंदिवस ठिबकणारे पाणी ही क्षुल्लक बाब मानता येत नाही.

जुन्या पनवेलीत हा प्रश्नच नव्हता. विहिरीचे पाणी रहाटाने काढावयाचे, हंडा-कळशीने घरात आणावयाचे, आणि घडवंचीवर भांड्यांची उतरंड रचून ठेवावयाचे, असा क्रम होता. कळशीस भोक पडले तर घडवंचीखाली ओल दिसे. मग कळशी तांबटाकडे जाई आणि दोन दिवसांत दुरुस्त होऊन येई. मोरीचे पाणी परसातील केळीच्या अळ्यात सोडलेले असे. पाणी कोठून आले व कोठे गेले, हे घरातील लहान पोरासही ठाऊक होते. पाणी भिंतीत शिरले ते नळाबरोबर. त्यातही दाबाखाली वाहणारा बंद नळ आल्यानंतरच त्याची गळती मनुष्याच्या दृष्टीआड गेली.

तथापि, निघालेले पाणी आणि पोहोचलेले पाणी यांचा मेळ बसत नाही, हे दुखणे फार जुने आहे. इ. स. ९७ मध्ये फ्राँटिनस नामक गृहस्थाची रोम शहराच्या पाणीखात्यावर नेमणूक झाली. त्याने प्रथम काय केले असेल, तर प्रत्येक कालव्याच्या मुखाशी किती पाणी येते आणि शहरात किती वाटले जाते, याचे माप घेतले. दोन्ही आकड्यांत मोठे अंतर पडले. शोध करिता त्यातील बराच भाग पाणीखात्याच्याच नोकरांनी नळांस चोरून भोके पाडून विकला होता असे निघाले! या गृहस्थाचे मोठेपण असे की त्याने आरोप करण्यापूर्वी मोजमाप केले. गळती शोधणाऱ्या प्रत्येकाने या जुन्या अधिकाऱ्याचा हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने औरंगाबादेस, तेव्हाच्या खडकीस, भूमिगत नहर नेली. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी दगड-चुन्याच्या बांधीव नळातून पुण्यात आणून हौद भरविले. कात्रजच्या या नळास ठिकठिकाणी उच्छ्वास ठेविलेले आहेत. कोंडलेली हवा निघून जावी आणि साचलेला गाळ काढता यावा हा त्यांचा मुख्य उपयोग. परंतु त्याबरोबरच आणखी एक सोय आपोआप झाली. एका उच्छ्वासात पाणी भरपूर आणि पुढल्यात कमी दिसले, तर फूट या दोहोंच्या मध्ये आहे एवढे तरी नक्की ठरविता येते. लांबच्या लांब नळाचे तुकडे पाडावे आणि दोष कोणत्या तुकड्यात आहे ते पाहावे, ही गळती शोधण्याची खरी गुरुकिल्ली आहे. यानंतरची जी यंत्रे निघाली त्यांनी तीच सूक्ष्म केली.

मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० साली आले आणि लोखंडी नळ हळूहळू घरात शिरला. सनातनी कुटुंबांची पहिली तक्रार गळतीची नव्हती. तोटीच्या आत चामड्याचा वायसर असतो, ते पाणी देवास कसे चालावे, ही होती. आज ही गोष्ट ऐकून हसू येते. परंतु त्या लहानशा वायसराकडे त्या काळी जितके लक्ष होते, तितके आजच्या घरात असते तर पुष्कळ पाणी वाचले असते. तुळशी १८७९ साली आणि तानसा १८९२ साली मुंबईच्या कामी आले. पाणी जसजसे वाढले तसतशी गळतीही वाढली, कारण नळाची लांबी वाढली आणि सांधे वाढले.

या विद्येस शास्त्राचे रूप आले ते विलायतेत, लिव्हरपूल शहरी. तेथील नगर-अभियंता जॉर्ज फ्रेडरिक डीकन हा १८६५ सालच्या अटलांटिक महासागरातील तारेच्या मोहिमेवर जाऊन आलेला होता. समुद्राच्या तळाशी पडलेल्या तारेतील दोष किनाऱ्यावर किंवा जहाजावर बसून मापनाने हुडकावा लागतो. त्या मोहिमेचा संस्कार पुढे त्याच्या कामावर झाला असे अनुमान केल्यास फारसे चुकणार नाही. लिव्हरपुलास त्या वेळी पाणी इतके वाया जाई की चोवीस तासांचा पुरवठा बंद करून ते काही तासच सोडावे लागे. डीकनने १८७३ साली एक मापक तयार केला. निमुळत्या नळकांड्यात एक चकती तारेने टांगलेली असे. पाण्याच्या प्रवाहाने ती कमी-अधिक खाली ढकलली जाई, आणि तारेस जोडलेली पेन्सिल, घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या कागदावर रेघ काढीत राही.

आता या रेघेची मौज पाहण्यासारखी आहे. दिवसा ती करवतीच्या दात्यांप्रमाणे वरखाली होई, कारण कोणी तोटी उघडतो, कोणी बंद करितो. मध्यरात्र उलटली, सारे शहर निजले, की दाते नाहीसे होत. परंतु रेघ शून्यावर न येता काही उंचीवर सरळ चालत राही. माणसे निजली तरी जे पाणी निजत नाही, ते गळतीचे! मग निरीक्षक रात्री रस्त्यावर निघत. एकेका घराच्या फाटकाशी असलेली चावी बंद करीत आणि वेळ टिपून ठेवीत. सकाळी कागद पाहिला म्हणजे कोणत्या मिनिटास रेघ खाली उतरली ते दिसे. त्या मिनिटास कोणते घर बंद केले होते ते टिपणात सापडे. रेघ किती उतरली त्यावरून त्या घरात किती पाणी वाया जाते तेही कळे. भिंत न फोडता, कोणाची झोप न मोडता, घर निश्चित होई. हे माप लागू झाल्यावर लिव्हरपुलास पुन्हा अखंड पुरवठा करता आला.

चावी बंद करण्यापूर्वी हे निरीक्षक आणखी एक गोष्ट करीत. चावी फिरविण्याची लोखंडी कांब नळावर टेकून दुसरे टोक कानास लावीत. दाबाखालचे पाणी बारीक भोकातून निसटताना सूं-सूं असा अखंड आवाज करिते आणि तो धातूतून दूरवर जातो. फ्रेंच वैद्य लाएनेक याने १८१६ साली रोग्याच्या छातीस कागदाची नळी लावून जे साधले, तेच येथे नळाच्या बाबतीत साधले. विसाव्या शतकात या कांबेच्या जागी विजेचे श्रवणयंत्र आले, आणि पुढे तर एकाच नळावर दोन ठिकाणी दोन कर्णयंत्रे लावून, आवाज कोठे आधी व कोठे मागाहून पोहोचला यावरून गळतीचे अंतर काढणारे यंत्र निघाले. त्याचे गणित शाळेतील मुलासही करता येईल. दोन यंत्रांत १०० मीटर अंतर आहे, लोखंडी नळातून आवाज सेकंदास सुमारे १,२०० मीटर वेगाने जातो, आणि एकीकडे तो सेकंदाचा पन्नासावा भाग आधी पोहोचला असे समजावे. एवढ्या वेळात आवाज २४ मीटर जातो. १०० मधून २४ वजा करून निम्मे केले की ३८ राहतात. म्हणजे जेथे आवाज आधी आला तेथून ३८ मीटरांवर खणावे. प्लास्टिकच्या नळात मात्र आवाज मंद चालतो आणि लवकर विरतो, त्यामुळे हे कर्णयंत्र तेथे तितकेसे उपयोगी पडत नाही.

तिसरे साधन रंगाचे. फ्लुओरेसीन नावाचा रंग बायर या जर्मन रसायनज्ञाने १८७१ साली तयार केला. त्याचा अंश पाण्यात असला तरी ते हिरवे चकाकते. जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एके ठिकाणी चुनखडीच्या पात्रात गडप होते. ते सुमारे १२ किलोमीटरांवरील आख गावच्या झऱ्यातून निघते की काय, असा जुना वाद होता. १८७७ साली नदीच्या त्या ठिकाणी १० किलो फ्लुओरेसीन व त्याबरोबर पुष्कळसे मीठ टाकण्यात आले. सुमारे अडीच दिवसांनी झऱ्याचे पाणी हिरवे आणि खारट होऊन बाहेर पडले! वाद मिटला. मोरीच्या जाळीत रंग ओतून खालच्या मजल्याच्या छतावर डाग उमटतो का ते पाहणारा आजचा कारागीर, तो न जाणो, याच प्रयोगाची लहानशी प्रत करीत असतो.

अशा या साधनांनिशी पनवेलच्या एखाद्या चारमजली इमारतीतील स्वयंपाकघराकडे वळावे. ओट्यामागील भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर ओल दिसते. रंगाचे पापुद्रे सुटले आहेत. गिलाव्यावर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, फुटला आहे. गवंडी येतो, ओल दिसते तेथे छिन्नी लावतो, लाद्या फोडतो, आणि नळ कोरडा ठणठणीत निघतो. हा अनुभव इतक्या घरांत आलेला असतो की त्यास नियमच म्हणावे. कारण पाणी निसटते एका ठिकाणी व दिसते दुसऱ्या ठिकाणी. ते नळाच्या अंगावरून ओघळत जाते, विटांच्या सांध्यातून उतरते, आणि जेथे गिलावा पोकळ किंवा लादीचा सांधा मोकळा, तेथे डोके वर काढते. तेव्हा छिन्नीआधी विचार करावयास हवा.

पहिला प्रश्न असा की हे पाणी कोणत्या कुळातले? ते चार कुळांपैकी एकाचे असते: पावसाचे, मोरीच्या सांडपाण्याचे, जमिनीतून वर चढणारे, किंवा नळाचे. पावसाचे पाणी आषाढात वाढते आणि मार्गशीर्षात आटते. सांडपाण्याची ओल भांडी घासल्यानंतर वाढते आणि घर आठवडाभर बंद राहिले की सुकू लागते. जमिनीची ओल फक्त तळमजल्यास, आणि ती साऱ्या भिंतीभर एका रांगेत. नळाची ओल मात्र उन्हाळा-पावसाळा, माणसे घरी असोत वा नसोत, सारखी राहते. येथे कोकणातली एक फसवणूक सांगावयास हवी. खाडीची रेती नीट धुतल्याखेरीज बांधकामात वापरली, तर तिच्यातील मीठ पावसाळी हवेतून ओलावा ओढून घेते, आणि कोठेही गळती नसता भिंत पाझरल्यासारखी दिसते. अशा भिंतीमागे कितीही शोधले तरी काय सापडणार?

नळाचा संशय बळावला तर मोजावे. रात्री सर्व तोट्या बंद करून मापकाचा काटा पाहावा. मापक नसेल, आणि गच्चीवरील टाकी त्या एकाच घराची असेल, तर टाकीत येणारे पाणी बंद करून आतील पातळीशी खूण करावी. पहाटे खूण उघडी पडली तर गळती आहे. शौचकूपाची टाकी गुपचूप वाहत असते, तिची चावीही बंद करण्यास विसरू नये. पुष्कळदा चोर तेथेच सापडतो. पुढील रात्री स्वयंपाकघराची चावी बंद, न्हाणीघराची चालू. त्यापुढील रात्री उलट. डीकनने जे शहराचे केले तेच हे घराचे. शाखा ठरली की तिची तोंडे बुचांनी बंद करून हातपंपाने दाब द्यावा आणि दाबमापकाचा काटा उतरतो काय ते पाहावे. गरम पाण्याचा नळ असेल तर काम अधिक सुलभ, कारण गरम पाणी सोडल्यावर उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात भिंतीतील उबेचा पट्टा कोठे फाकतो ते दिसते. साधा कारागीरही हाताच्या पाठीने तेवढे चाचपून सांगतो.

इतक्या उठाठेवीने किती पाणी वाचणार, अशी शंका कोणी काढील. थेंबाचे माप एका मिलिलिटरास वीस असे धरले, तर सेकंदास एक थेंब म्हणजे दिवसास ४ लिटरांहून थोडे अधिक, वर्षास सुमारे १,५७७ लिटर. हे झाले ठिबकण्याचे. टाकी १० मीटर उंच असून नळास एकच मिलिमीटर रुंदीचे भोक मोकळ्यावर पडले, तर गणिताने दिवसास ५०० लिटरांहून अधिक पाणी जाते. भिंतीतील चुना-विटा त्यास अडवितात म्हणून प्रत्यक्षात ते कमी जाते. पण जे अडते ते भिंतीतच मुरते. आणि सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत मुरलेले पाणी सळयांपर्यंत गेले म्हणजे त्या गंजतात, फुगतात, व आतून काँक्रीट फोडतात.

नळ सडतो तो बहुधा सांध्याशी. लोखंडी नळावर जस्ताचा मुलामा असतो. आटे पाडताना तो तेथे खरवडला जातो, आणि मग सुतळी व सफेता लावून सांधा कितीही घट्ट आवळला तरी उघडे पडलेले लोखंड आतून झिजू लागते. बाहेरून खाऱ्या रेतीचा गिलावा असला तर दोन्ही बाजूंनी मार. प्लास्टिकचा नळ गंजत नाही. परंतु चिकटविताना घाई केली, किंवा पुढे कोणी फळी ठोकण्यासाठी भिंतीत खिळा मारला, तर तोही गळतोच. नवा नळ टाकताना गिलावा करण्यापूर्वी भिंतीवर माप धरून एक चित्र काढून ठेवण्याची पद्धत काही चोख कारागीर पाळतात; तिचा प्रसार व्हावयास हवा. वीस वर्षांनी त्या कागदाची किंमत कळते.

गळतीचे मूळ ठरविणे हे केवळ कुतूहलाचे काम नव्हे, कारण त्यावरच खर्च कोणी करावयाचा हे ठरते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची गळती व बाहेरच्या सामाईक नळांची गळती संस्थेने दुरुस्त करावयाची, आणि घरातील मोरी, संडास यांची अंतर्गत गळती ज्याच्या त्याने. म्हणून वरच्या व खालच्या बिऱ्हाडांत जी भांडणे जुंपतात, त्यांतील वर्षानुवर्षांचे वैमनस्य एका बाटलीभर रंगाने व एका रात्रीच्या मोजमापाने टळण्यासारखे असते. वरचे शेजारी दार उघडून रंग ओतू देतील तर! खरी अडचण बहुधा तेथे असते.

आरोग्याची बाजू याहून गंभीर आहे. ज्या गावी पाणी थोडाच वेळ सुटते, तेथे उरलेले तास जमिनीतील नळ रिकामा, बिनदाबाचा असतो. ज्या फटीतून पाणी बाहेर जात होते, त्याच फटीतून आता गटाराचे पाणी आत येऊ शकते. कावीळ व अतिसार यांच्या साथी पुष्कळदा अशाच फटींतून पसरतात. यावर उपाय म्हणून अखंड पुरवठा करावा, तर गळके नळ त्यास पुरू देत नाहीत. आणि गळती शोधावी, तर नळात सतत दाब नसल्याने ती सापडत नाही. हा पेच एका लहान गावाने सोडविला हे महाराष्ट्रास भूषणावह आहे. कराडजवळील मलकापूर येथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने, या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस, जुने नळ बदलून, घरोघर मापक बसवून, चोवीस तास पाणी सुरू करण्यात आले. मापक आल्यावर प्रत्येक घर आपली गळती आपणच शोधू लागते, कारण ती देयकात उतरते.

पनवेलच्या त्या स्वयंपाकघरात अखेर नळ सापडतो, सांधा बदलतो, काम झाले असे वाटते. मात्र भिंत त्याच दिवशी सुकत नाही. विटांत मुरलेले पाणी निघून जाण्यास कित्येक महिने लागतात, आणि ते निघताना मीठ पृष्ठभागावर आणीत राहते. म्हणून दुरुस्तीनंतर लोणा काही काळ वाढलेला दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही. तो कोरड्या कुंचल्याने झाडावा, पाण्याने धुऊ नये, कारण धुतल्याने तेच मीठ पुन्हा आत शिरते. रंगाची घाई तर मुळीच नको. ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ काढून शेजारी तारीख लिहावी, आणि दर पंधरवड्यास नवी रेघ काढावी. रेघा आत आत सरकत गेल्या तर गिलाव्यास हात घालावा. त्याच जागी राहिल्या, तर रात्री पुन्हा एकदा तोट्या बंद करून मापकासमोर बसावे.